खलनायक मार्च महिना

नमस्कार मंडळी. आधी हात वर करा बघू, ज्यांना मुलीनं किंवा भाचीनं ओढून इथं आणलंय. बघा, निम्मं सभागृह! त्या सगळ्या मुलींचं मनापासून अभिनंदन, आणि तुम्ही आलात म्हणून तुमचेही आभार. आता ज्यांनी 'यागाते किमी नी नारु' या जपानी चित्रकथेचे आठही खंड वाचलेत, त्यांनी हात वर करा. हं, ही मंडळी सगळी मागच्या रांगांत बसलीयत. म्हणजे पुढच्या रांगांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. मागच्यांनी तेवढा धीर धरा, त्यातल्या नायिका युऊ आणि तोओको यांच्यापर्यंत मी नक्की येणार आहे.

विषय जाहीर झालाय तो 'युरी मांगातला स्वतःचा शोध'. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, युरी म्हणजे मुलीमुलींच्या प्रेमाच्या गोष्टी, आणि त्यातल्या पुष्कळशा शाळेत घडतात, एवढं तुम्हाला ठाऊक आहेच. पण या गोष्टी वाचताना एक प्रश्न मला सारखा पडत आलाय आणि आज तो तुमच्यापुढे मांडायचाच आहे. या गोष्टींत खलनायक कोण असतो? आईवडील बहुतेकदा चित्रात फारसे नसतात. कुणी मुलगा आडवा येतो असंही क्वचितच होतं. शिक्षिका तर बऱ्याचदा समजूतदारच निघतात. तरी प्रत्येक पानावर कसली तरी धास्ती असते. ती कसली? माझं उत्तर आहे, मार्च महिन्याची.

जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. तीन वर्षं माध्यमिक शाळा, तीन वर्षं उच्च माध्यमिक. वरच्या वर्गातली जिच्यावर जीव जडलाय, ती तुमच्या आधी एक किंवा दोन मार्च निघून जाणार, हे पहिल्या भेटीतच ठरलेलं असतं. निरोप समारंभ होतो, गणवेश उतरतो, आणि त्या गणवेशात जे जे चालून गेलं ते बाहेर चालणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

हे गृहीत आलं कुठून? 1899 साली जपान सरकारनं मुलींच्या उच्च शाळांसाठी स्वतंत्र आदेश काढला. प्रत्येक प्रांतात अशा शाळा निघाल्या. उद्देश उघड होता, चांगली पत्नी आणि शहाणी माता घडवायची. पण हजारो मुली पहिल्यांदाच घराबाहेर, एकमेकींच्या सहवासात, काहीजणी तर वसतिगृहात राहायला लागल्या. मग मोठ्या वर्गातली एक आणि धाकट्या वर्गातली एक अशा जोड्या जमल्या, चिठ्ठ्या सुरू झाल्या, रुसवेफुगवे सुरू झाले. या नात्याला 'एस' म्हणायचे. मोठ्या माणसांनी त्याकडे काणाडोळा केला, कारण लग्न ठरलं की हे आपोआप मिटणार याची त्यांना खात्री होती. ती परवानगी मुदतीची होती. 1911 साली शाळेत एकत्र शिकलेल्या दोन तरुणींनी निइगाताच्या किनाऱ्यावर मिळून जीव दिला, तेव्हा वर्तमानपत्रांत एकदम काहूर उठलं. मुदत संपली तरी हे न संपणाऱ्या मुली असतात, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर आलं.

आता मला योशिया नोबुकोबद्दल सांगायचंय, आणि इथं मी रेंगाळणार आहे. संयोजकांनी घड्याळाकडे बघितलं तरी रेंगाळणार आहे, कारण ही बाई माझी फार लाडकी आहे.

जन्म 1896, निइगाता. लहानपणापासून मुलींच्या मासिकांच्या स्पर्धांना लेखन पाठवून बक्षिसं मिळवणारी मुलगी. वयाच्या विशीत, 1916 पासून तिनं 'शोओजो गाहोओ' या मासिकात 'हाना मोनोगातारी' लिहायला घेतलं. फुलांच्या गोष्टी. प्रत्येक गोष्टीला एका फुलाचं नाव, आणि प्रत्येक गोष्टीत मुलींची एकमेकींसाठीची हुरहुर. बहुतेक गोष्टी विरहाच्या. कुणी आजारी पडते, कुणाचं लग्न होतं, कुणी दूर गावी जाते. मुलींनी अक्षरशः डोक्यावर घेतल्या या गोष्टी. आज युरी मांगा उघडलात आणि त्यात उंच भिंतींची मिशनरी शाळा, पियानो, गळणाऱ्या पाकळ्या, देखणी अबोल मोठी मुलगी दिसली, की समजा योशियाबाईंच्या दुकानातला माल आहे.

पण बाईंचं दुसरं पुस्तक कुणी फारसं सांगत नाही, म्हणून मी सांगते. 'याने-उरा नो निशोजो', पोटमाळ्यावरच्या दोन मुली, 1920 साली आलं. वसतिगृहाच्या पोटमाळ्यावर शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन विद्यार्थिनी एकमेकींच्या प्रेमात पडतात. आणि शेवटी? मरत नाहीत, लग्न करून नाहीशा होत नाहीत. दोघी मिळून तिथून बाहेर पडतात, आपलं आयुष्य आपण जगायचं ठरवून. 1920 साली! पंचाहत्तर-ऐंशी वर्षांनंतरच्या मांगाकारांना जी हिंमत गोळा करावी लागली, ती या बाईनं चोविसाव्या वर्षी दाखवली होती.

आणि नुसतं लिहून थांबली नाही ती. 1923च्या जानेवारीत तिची मोन्मा चियोशी ओळख झाली. चियो मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मधल्या काळात चियो नोकरीसाठी शिमोनोसेकीला गेली, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तेव्हा दोघींमध्ये पत्रांचा नुसता पाऊस. मग चियो परत आली, आणि पुढे तिनं नोबुकोचं सगळं लिखाणाचं कामकाज सांभाळलं. 1928 साली दोघी मिळून युरोपला गेल्या. नोबुको तोवर जपानच्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्या लेखकांमध्ये जाऊन बसली होती. तिनं घरं बांधली, शर्यतीचे घोडे पाळले. हो, घोडे! समोरच्या काकूंचा चेहरा खुलला बघा. ज्या समाजात बाईनं विसाव्या वर्षी लग्न करून मान खाली घालायची, तिथं ही बाई आपल्या सखीबरोबर रेसकोर्सवर स्वतःचा घोडा धावताना बघायची.

आता यातली मला सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट. दोघींना नवरा-बायकोसारखं कायदेशीर नातं हवं होतं आणि कायद्यात ते नव्हतं. जपानमध्ये प्रौढ माणसालाही दत्तक घेता येतं. अट एवढीच की दत्तक जाणारं माणूस घेणाऱ्यापेक्षा वयानं मोठं नको. चियो नोबुकोहून लहान. म्हणून 1957 साली नोबुकोनं चियोला दत्तक घेतलं. साठीच्या उंबरठ्यावरच्या दोन बायका, तीस-पस्तीस वर्षांचा संसार, आणि कागदावर आई आणि मुलगी. आजारपणात सही करायला, मागे राहिलेल्या घरावर हक्क सांगायला दुसरा मार्ग नव्हता. 1973 साली नोबुको गेली तेव्हा चियो सोबत होती. पन्नास वर्षं. कामाकुरातलं हासे भागातलं त्यांचं घर आजही स्मारक म्हणून उभं आहे.

जपानच्या कायद्यात आजही समलिंगी विवाह नाही. 2015 मध्ये टोकियोच्या शिबुया आणि सेतागाया या विभागांनी जोडीदारीचे दाखले द्यायला सुरुवात केली, 2021 मध्ये सापोरोच्या जिल्हा न्यायालयानं विवाह नाकारणं घटनाविरोधी ठरवलं, पण कायदा बदललेला नाही. आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा 2018 चा निकाल आला आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोपवला. तेव्हा चियोच्या दत्तकपत्राची गोष्ट आपण दूरच्या देशातली जुनी गोष्ट म्हणून ऐकू नये.

आणि इथंच माझी एक तक्रार आहे. या विषयावर कुठंही बोलले की एखादी प्रेमळ मावशी उठते आणि म्हणते, 'अगं, वय असतं ते!' अगदी मायेनं म्हणते. आपल्या घराघरांत हे वाक्य आहे. मुलगी मैत्रिणीसाठी रात्र रात्र रडते, वय असतं ते. वहीभर तिचंच नाव लिहिते, वय असतं ते. मावशी, वय तर सगळ्याचंच असतं. सोळाव्या वर्षी शेजारच्या मुलावर प्रेम बसलं तर आपण घाबरून पहारे बसवतो, कारण ते आपण खरं मानतो. आणि मुलीवर बसलं तर हसून सोडून देतो. या हसण्यानं मुलीला काय कळतं? की तिच्या आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट मोठ्यांच्या हिशेबात धरलेलीच नाही. हे वाक्य म्हणजे 1899 च्या त्या शाळांची मुदतीची परवानगीच आहे, फक्त मराठीत.

मांगानंही फार काळ ती मुदत पाळली. 1971 मध्ये यामागिशी र्‍योओको यांची 'शिरोई हेया नो फुतारी' आली. मुलींच्या प्रेमाचा पहिला मांगा म्हणून पुष्कळजण तिचंच नाव घेतात. फ्रान्समधली निवासी शाळा, एकाच खोलीत राहणाऱ्या रेझीन आणि सिमोन. शेवटी सिमोन मरते. ज्यांनी आपल्याकडचं तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' पाहिलंय त्यांना सुमित्राचा शेवट आठवेल. ते 1981 चं. दोन देश, दहा वर्षांचं अंतर, आणि लेखकाला सुचलेला शेवट एकच. 1998 मध्ये कोन्नो ओयुकी यांच्या 'मारिया-सामा गा मितेरु' कादंबऱ्या सुरू झाल्या. तिथं मोठी मुलगी धाकटीला जपमाळ देऊन बहीण मानते, सगळं फार नाजूक, फार सुंदर, आणि वर्षाच्या शेवटी निरोप समारंभ आहेच. मी या गोष्टी वाचून रडलेय, त्यांना कमी लेखत नाही. पण रडून झाल्यावर राग येतोच की नाही?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ठीक आहे. मागच्या रांगा, आता तुमची पाळी.

2004 मध्ये शिमुरा ताकाको यांनी 'आओई हाना' सुरू केलं. गाव कामाकुरा. त्यातल्या फुजिगाया शाळेच्या इमारतीसाठी नमुना म्हणून वापरलंय कामाकुराचं साहित्य संग्रहालय, आणि ते आहे हासे भागात, योशियाबाईंच्या घराजवळ! नायिका फुमी, रडूबाई, उंच, चष्मेवाली. तिला मोठ्या चुलतबहिणीनं आधी जवळ केलं आणि मग लग्न करून टाकलं. म्हणजे मार्च महिना तिच्या वाट्याला गोष्ट सुरू होण्याआधीच येऊन गेलाय. मग ती बालमैत्रीण आकिराला सांगून टाकते की मला मुली आवडतात. आकिराला काय बोलावं ते कळत नाही, पण ती पळत नाही. पुढे शाळा संपते, दोघी दुरावतात, आणि त्यानंतरच्या आयुष्यात पुन्हा एकत्र येतात. निरोप समारंभानंतरची पानं लेखिकेनं लिहिली, यात माझ्या दृष्टीनं सगळं आलं. ताकाशिमा हिरोमी यांच्या कासे-सान मालिकेतही फुलझाडांत रमणारी यामादा आपल्या धावपटू कासेच्या मागोमाग टोकियोला कॉलेजला जाते, आणि गोष्ट तिथून पुढे चालू राहते.

आणि नाकातानी निओ यांचं 'यागाते किमी नी नारु', 2015 ते 2019. युऊ प्रेमाची गाणी ऐकून, मांगा वाचून वाट बघत बसलीय, की असं काहीतरी लखकन चमकेल. एका मुलानं मागणी घातली, काही चमकलं नाही. विद्यार्थी मंडळातल्या मोठ्या तोओकोनं मागणी घातली, तरी नाही. आणि तोओकोला हेच हवंय, की युऊनं तिच्यावर प्रेम करू नये. कारण तोओको वारलेल्या बहिणीची जागा चालवतेय. स्वतः कोण आहोत हे तिला माहीत नाही, मग कुणी 'तू आवडतेस' म्हटलं की तिला धडकी भरते.

याचं उत्तर नाटकातून येतं. शाळेच्या महोत्सवात स्मृती गेलेल्या मुलीचं नाटक बसवलंय. भाऊ, मैत्रीण, प्रेयसी, प्रत्येकजण तिला ती कोण होती ते वेगळंच सांगतं. मूळ संहितेत ती प्रेयसीनं सांगितलेलं रूप स्वीकारते. युऊ लेखिका मैत्रिणीकडून शेवट बदलून घेते : ती आत्ताची स्वतः निवडते. ही युऊची तोओकोला दिलेली भेट आहे, आणि ती देता देता युऊला कळतं की चमकण्याची वाट बघण्यात वेळ गेला, प्रेम तर कधीच सुरू झालंय. ती बोलते, तोओको 'सॉरी' म्हणते, युऊ पळून जाते, पुढचं वाचा. माझा मुद्दा असा की इथं स्वतःचा शोध म्हणजे आत दडलेलं काहीतरी खणून काढणं नव्हे. युऊ निवडते. आणि जे निवडलंय त्याला कुणी 'वय असतं ते' म्हणू शकत नाही. म्हणूनच शेवटचं प्रकरण शाळा संपून काही वर्षांनंतरचं आहे, दोघी कॉलेजात, दोघी अजून एकमेकींच्या.

याच गोष्टीतल्या तोओकोच्या मैत्रिणीवर, सायाकावर बोलायचं राहिलं, दोन मिनिटं द्या. तिला माध्यमिक शाळेत वरच्या वर्गातल्या मुलीनं आपणहून मागणी घातली, आणि स्वतः पुढच्या शाळेत गेल्यावर सांगितलं, आता आपण लहान नाही, पुरे झालं. मावशीचं वाक्य, सोळाएक वर्षांच्या मुलीच्या तोंडी! पण याच गोष्टीत कॅफे चालवणाऱ्या मियाको आहेत आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या शिक्षिका रिको आहेत. नोकरी, स्वयंपाक, थकवा, सगळं असलेलं मोठ्या माणसांचं घर. सायाका मियाकोंपाशी मन मोकळं करते, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मोठं तिला हसत नाही. योशियाबाईंच्या वाचक मुलींना असं घर पुस्तकात मिळालं नव्हतं, ते फक्त हासेला होतं.

सायाकावर इरुमा हितोमा यांच्या तीन स्वतंत्र कादंबऱ्या आहेत, मांगाचे आठ खंड झाल्यावर त्या घ्या, आधी नको. इंग्रजीत सगळं मिळतं. आता प्रश्न. नाही नाही, आधी मागच्या रांगा.