पाझरणारं मीठ

आषाढ लागला की ही बरणी रुसते. झाकण काढा. जाडं मीठ ओलं, खडे एकमेकांना चिकटलेले, तळाशी पाणी. घरात म्हणतात, "मिठाला पाणी सुटलं." सुटलं कसलं, हवेतून ओढलंय! आणि ओढणाऱ्यांत मीठ एकटं नाही.

शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेल्याशिवाय पाझरत नाही. कोकणातला पाऊस ती हद्द सहज ओलांडतो, कबूल. पण उघडीप पडली तरी हे खडे ओलेच. कारण त्यांच्या अंगावर मॅग्नेशियम क्लोराइडचा पातळ थर आहे, आणि त्याला ३३ टक्केही पुरतात.

दोन्ही क्लोराइडच, मग एवढा फरक का? सोडियमच्या आयनाची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूची, त्रिज्या १०२ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग), मॅग्नेशियमची ७२. शिवाय मॅग्नेशियमवर धनभार दुप्पट. म्हणजे आयन लहान, भार जास्त.

भारांमधलं अंतर निम्मं झालं की ओढ चौपट होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोमने १७८५ मध्ये मोजून दाखवलं. आयन जितका लहान, तितका शेजारी त्याच्या केंद्राजवळ येतो. शेजारी पाण्याचा रेणू असेल, तर अंतर वाढताच ओढ याहूनही झपाट्याने घटते. म्हणून मॅग्नेशियम सहा रेणू भोवती घट्ट धरून बसतो.

कुणी म्हणेल, ही सगळी भाराची करामत. मग भार तोच ठेवू, जोडीदार बदलू. आयनांची ओढ जितकी घट्ट, तितकं वितळायला जास्त तापवावं लागतं. सोडियम फ्लोराइडमध्ये दोन आयनांच्या केंद्रांत सुमारे २३२ पिकोमीटर अंतर. ते वितळायला ९९३ अंश सेल्सिअस लागतात. क्लोराइडमध्ये अंतर २८२, वितळतं ८०१ अंशांना. ब्रोमाइड ७४७ला. आयोडाइडचा ऋण आयन सगळ्यांत थोराड, अंतर ३२४च्या आसपास; ते ६६१लाच हार मानतं.

आता मिठागरात चला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सोडियम जवळजवळ ११ ग्रॅम, मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या वर. ऊन तापतं, पाणी आटतं, मिठाचे खडे धरू लागतात. मॅग्नेशियम मात्र पाणी सोडायला तयार नाही. तो उरलेल्या दाट पाण्यातच राहतो. ते पाणी वेळेवर काढून टाकलं नाही, तर खड्यांवरच सुकतं, आणि पुढे आपल्या बरणीत येतं.

बांधावर मिठाची रास निथळतेय. खाली साचलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावा. खारट लागेलच, पण मागोमाग येतो तो कडूपणा मॅग्नेशियमचा.