मर्गच्या बंगल्यातले राष्ट्राध्यक्ष

[कैरो मेट्रोचं भुयार. गाडी फलाटावर येऊन थांबते. भिंतीवर अरबी अक्षरांत स्थानकाचं नाव.]

कैरो शहराच्या ऐन मध्यात, आब्दीन राजवाड्याच्या परिसरात, मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावर हे स्थानक आहे. याचं नाव महंमद नगीब. इथून पुढचं स्थानक सादात. तिथं उतरून उत्तरेकडे जाणारी पहिल्या मार्गाची गाडी पकडली, की आधी नासर लागतं आणि मग उराबी. चार स्थानकं, आणि चौघंही लष्करी अधिकारी. उराबी एकोणिसाव्या शतकातले. बाकीचे तिघं जुलै 1952 मधल्या एकाच रात्रीचे भागीदार.

त्याच गाडीत बसून राहिलात, तर शहर मागं पडत जातं आणि मार्ग संपत येतो तिथं मर्ग नावाचं स्थानक लागतं. आज तिथं दाटीवाटीची वस्ती आहे. 1954 साली तो कैरोच्या वेशीबाहेरचा भाग होता. तिथल्या एका बंगल्यात एक माणूस सतरा वर्षं कोंडला गेला होता. तो इजिप्तचा पहिला राष्ट्राध्यक्ष होता आणि त्याच्या देशातल्या शाळकरी मुलांना त्याचं नावही शिकवलं जात नव्हतं.

[जुनं छायाचित्र: खाकी गणवेश, तोंडात पाइप, चेहऱ्यावर हसू.]

महंमद नगीब यांचा जन्म 1901 सालचा, सुदानची राजधानी खार्टुममधला. वडील इजिप्तच्या सैन्यात अधिकारी होते आणि त्यांची नेमणूक सुदानात होती. ते लवकर गेले. नगीब खार्टुमच्या गॉर्डन कॉलेजात शिकले, मग कैरोच्या लष्करी विद्यालयात आले आणि 1918 साली अधिकारी म्हणून बाहेर पडले. हे साल लक्षात ठेवा. याच 1918 मध्ये अलेक्झांड्रियात एका टपाल कर्मचाऱ्याच्या घरी मुलगा जन्मला, त्याचं नाव गमाल अब्देल नासर. पुढं या दोघांचं जे झालं, त्यात या वयाच्या अंतराचा वाटा फार मोठा आहे.

नगीब यांना शिकण्याचा नाद होता. सैन्यात असतानाच त्यांनी 1927 मध्ये कायद्याची पदवी घेतली. इजिप्तच्या सैन्यात अशी पदवी असलेले ते पहिलेच अधिकारी. मग अर्थशास्त्र केलं. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, जर्मन या भाषा शिकले, आणि हिब्रूसुद्धा. छावणीतल्या संध्याकाळी कायद्याची पुस्तकं उघडून बसणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. पुढं जे घडलं त्याचं बीही त्या पुस्तकांत असावं.

1920 च्या दशकाच्या अखेरीस राजा फुआदनं संसद बरखास्त केली, तेव्हाची एक आठवण नगीब यांनी स्वतः सांगितली आहे. ते वेष पालटून, गच्च्यांवरून उड्या मारत वफ्द पक्षाचे नेते मुस्तफा नहास यांच्या घरी पोचले. म्हणाले, आम्ही सैन्यातले लोक यात उतरतो. नहास यांनी नकार दिला. सैन्यानं राजकारणापासून लांबच राहावं, सत्ता जनतेकडून यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. तरुण अधिकाऱ्यानं ते ऐकून घेतलं आणि परत फिरला. नहास हे नावही लक्षात असू द्या. ते या गोष्टीत पुन्हा येणार आहे, आणि ज्या जागी येणार आहे ती जागा मनाला चटका लावणारी आहे.

[आब्दीन राजवाडा. रणगाड्यांचं जुनं चित्रण.]

4 फेब्रुवारी 1942. महायुद्ध चालू आहे, इजिप्तमध्ये ब्रिटिश फौजा तळ देऊन आहेत. त्या संध्याकाळी ब्रिटिश रणगाड्यांनी आब्दीन राजवाड्याला वेढा घातला. ब्रिटिश राजदूत आत गेला आणि त्यानं तरुण राजा फारूकला सांगितलं: नहास यांना पंतप्रधान करा, नाहीतर गादी सोडा. फारूकनं मान तुकवली.

नगीब यांनी राजीनामा लिहून दिला. आपल्या राजाचं रक्षण आपल्याला करता आलं नाही, तर हा गणवेश अंगावर ठेवायचा कशाला, हा त्यांचा सवाल होता. राजीनामा परत आला आणि ते सैन्यात राहिले. पण त्यांच्यातल्या राजनिष्ठ अधिकाऱ्याच्या मनाला त्या दिवशी तडा गेला.

मग 1948. पॅलेस्टाइनचं युद्ध. अपुरी तयारी आणि सदोष दारूगोळा, ज्यावरून पुढं कैरोत मोठा गदारोळ झाला. नगीब पुढं राहून लढले, अनेकदा जखमी झाले, मरणाच्या दारातून परत आले. हरलेल्या युद्धातून फार थोडे सेनाधिकारी मान ताठ ठेवून परतले, त्यांत ते होते. त्यांच्या हाताखाली एक तरुण अधिकारी काम करत होता, अब्देल हकीम आमेर. त्यानं आपल्या एका मित्राची गाठ नगीब यांच्याशी घालून दिली. तो मित्र म्हणजे नासर.

नासर आणि त्यांचे सोबती, म्हणजे ‘मुक्त अधिकारी’ नावाचा सैन्यातला गुप्त गट. बहुतेक जण तिशीतले, मेजर किंवा लेफ्टनंट कर्नल. डोक्यात योजना होती, हाताशी पलटणी होत्या, पण देशात त्यांना ओळखत कोण होतं? लोकांनी आणि सैन्यानं मान द्यावा असा एक चेहरा त्यांना हवा होता. पन्नाशीचा, जखमांच्या खुणा अंगावर असलेला आणि हात स्वच्छ असलेला मेजर जनरल त्यांना मिळाला. अधिकाऱ्यांच्या क्लबची निवडणूक झाली, तेव्हा राजाच्या मर्जीतल्या माणसाला डावलून अधिकाऱ्यांनी नगीब यांना अध्यक्ष निवडलं. फारूकला ते खपलं नाही. जुलै 1952 मध्ये त्यानं ते मंडळच मोडून काढलं, आणि ठिणगी पडली.

[रेडिओचा आवाज. कैरोची पहाट.]

22 आणि 23 जुलैच्या मधली रात्र. नगीब यांच्यावर पाळत होती, म्हणून ते घरीच टेलिफोनजवळ बसून होते. लष्करी मुख्यालय ताब्यात आल्यावर त्यांना तिथं नेण्यात आलं. सकाळी रेडिओवर निवेदन झालं. वाचणारा आवाज अन्वर सादात यांचा, खाली नाव महंमद नगीब यांचं. देशानं तो आवाज ऐकला आणि ते नाव लक्षात ठेवलं.

तीन दिवसांनी, 26 जुलैला, अलेक्झांड्रियाच्या रास अल-तीन राजवाड्यातून फारूक निघाला. तान्ह्या मुलाच्या नावे गादी सोडून, महरूसा नावाच्या शाही जहाजावर. संध्याकाळचे सहा वाजले होते. नगीब निरोप द्यायला निघाले ते रस्त्यातल्या गर्दीत अडकले. पोचेपर्यंत जहाज निघालं होतं. त्यांनी लहान बोट घेतली, जहाज गाठलं, वर चढले आणि पदच्युत राजाला सलाम केला. कोणालाच बोलणं सुचेना. मग नगीब यांनी त्याला 1942 सालच्या आपल्या राजीनाम्याची आठवण करून दिली. त्या दिवशी तुमच्यासाठी गणवेश उतरवायला निघालो होतो, आणि आज ही वेळ आली. जाताना फारूक म्हणाला, तुमचं काम अवघड आहे, इजिप्तवर राज्य करणं सोपं नाही. हे सगळं नगीब यांनीच लिहून ठेवलं आहे. ज्याला हाकलायचं त्याला एकवीस तोफांची सलामी द्यायची, ही त्या क्रांतीची पद्धत होती. काही अधिकाऱ्यांना फारूकचा खटला आणि फाशी हवी होती. रक्त नको म्हणणाऱ्यांत नगीब होते.

पण म्हणून त्यांना संत करायचं नाही. कफ्र अल-दव्वारच्या कापड गिरणीत ऑगस्टमध्ये कामगारांचा संप झाला, दंगल उसळली. लष्करी न्यायालयानं मुस्तफा खमीस आणि महंमद अल-बक्री या दोन कामगारांना फाशी सुनावली. शिक्षेला मंजुरी नगीब यांची होती. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाची. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघं फासावर गेले. त्याच दिवसांत नगीब पंतप्रधान झाले आणि जमीन सुधारणेचा कायदा आला: एका मालकाकडे 200 फेद्दानपेक्षा जास्त जमीन नको. फेद्दान म्हणजे साधारण आपला एकर, किंचित मोठा. पिढ्यान्‌पिढ्या पाशांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या, शेतात राबणाऱ्या फेल्लाहीनना, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांना, कागदावर नाव चढण्याची आशा पहिल्यांदा दिसली. एकाच महिन्यात शेतकऱ्याला जमिनीचं वचन आणि कामगाराला फास. दोन्हींवर त्यांचीच सही.

जानेवारी 1953 मध्ये सगळे राजकीय पक्ष बरखास्त झाले. तेही त्यांच्याच कारकिर्दीत. 18 जून 1953 रोजी राजेशाही संपली, प्रजासत्ताक जाहीर झालं आणि महंमद नगीब इजिप्तचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वेळी अब्देल हकीम आमेर, वय 33, मेजरच्या हुद्द्यावरून थेट मेजर जनरल आणि सरसेनापती. नगीब यांचा याला विरोध होता. मैत्रीपायी सैन्याची उतरंड मोडू नये, हे ते सांगत राहिले आणि शेवटी त्यांनी सही केली. मला विचाराल तर ते पद त्यांच्या हातून गेलं ते इथं. गर्दी त्यांच्या बाजूला राहिली, सैन्य नासर यांच्याकडे गेलं.

[1954. रस्त्यांवरची गर्दी, घोषणा.]

लोकांचा त्यांच्यावर खराखुरा जीव होता. ते चर्चमध्ये जात, सिनेगॉगमध्ये जात, खेड्यात उतरून लोकांशी बोलत. सुदानात वाढल्यामुळं तिथंही त्यांना आपलं मानणारे पुष्कळ होते. बंद खोलीत मात्र क्रांती परिषदेचे, म्हणजे सत्ता चालवणाऱ्या मुक्त अधिकाऱ्यांच्या मंडळाचे, तरुण सदस्य त्यांच्यावर मात करून निर्णय घेत. नगीब म्हणत, संसद परत आणा, सैन्याला छावणीत जाऊ द्या. नासर यांचं उत्तर होतं की जुने पक्ष आले तर जुने जमीनदारही परत येतील. ती भीती अगदीच खोटी नव्हती.

फेब्रुवारीत नगीब यांनी राजीनामा दिला. 25 तारखेला तो जाहीर होताच कैरो पेटलं. घोडदळाचे अधिकारी बिथरले. त्यांच्यामागे होता परिषदेतलाच खालिद मोहियुद्दीन. 27 तारखेला नगीब परत आले. दुसऱ्या दिवशी आब्दीन चौकात माणसांचा समुद्र लोटला होता.

तो त्यांचा शेवटचा विजय. 25 मार्चला परिषदेनं ठरवलं की पक्षांना परवानगी द्यायची आणि जुलैमध्ये स्वतःला विसर्जित करायचं. चारच दिवसांत सगळं उलटलं. वाहतूक कामगारांचा संप झाला, शहर ठप्प झालं, आणि रस्त्यावर घोषणा कोणत्या? पक्ष नकोत, लोकशाही नको. हा संप घडवायला चार हजार पौंड लागले, असं नासर यांनीच आपल्याला सांगितल्याचं खालिद मोहियुद्दीन यांनी पुढं लिहिलं. राज्य परिषद या प्रशासकीय न्यायसंस्थेचे प्रमुख, अरब जगातले नामांकित कायदेपंडित अब्देल रज्जाक सनहुरी यांना जमावानं त्यांच्याच कार्यालयात घुसून मारहाण केली. 29 मार्चला जुना निर्णय रद्द झाला.

ऑक्टोबरमध्ये अलेक्झांड्रियात नासर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले. आरोप मुस्लिम ब्रदरहुड या धार्मिक-राजकीय संघटनेवर आला, तिच्यावर वरवंटा फिरला, आणि नगीब यांचा तिच्याशी संबंध जोडला गेला. 14 नोव्हेंबर 1954 रोजी ते आब्दीन राजवाड्यात आपल्या कार्यालयात आले. आमेर भेटायला आला. तोच, पॅलेस्टाइनमध्ये हाताखाली असलेला. परिषदेनं तुम्हाला मुक्त केलं आहे, थोडे दिवस मर्गच्या बंगल्यात राहायचं आहे, एवढंच त्यानं सांगितलं.

[झाडांमागे उभा असलेला एकाकी बंगला.]

तो बंगला झैनब अल-वकील यांचा. मुस्तफा नहास यांच्या पत्नीचा, नव्या सरकारनं ताब्यात घेतलेला. सैन्यानं राजकारणापासून लांब राहावं असं ज्यांनी बजावलं होतं, त्यांच्याच घरात त्या तरुण अधिकाऱ्याला कैदेत राहावं लागलं.

थोडे दिवस म्हणता म्हणता सतरा वर्षं झाली. दारावर पहारा, भेटीगाठी बंद. 1956 च्या सुएझ युद्धात ब्रिटिश त्यांना पुन्हा गादीवर बसवतील या धास्तीनं त्यांना काही काळ दक्षिणेकडे हलवलं, मग परत मर्गला आणलं. युद्धाच्या दिवसांत त्यांनी कळवलं होतं की मला साधा सैनिक म्हणून लढायला पाठवा. कोणी दाद दिली नाही. त्यांनी मांजरं पाळली, कुत्री पाळली, पुस्तकं वाचली. त्यांचा एक मुलगा 1968 साली जर्मनीत मारला गेला. त्याला माती द्यायलाही बापाला सोडलं नाही. दुसरा मुलगा तुरुंगात जाऊन आला आणि मग फार जगला नाही. तिसऱ्यानं गाडी चालवून पोट भरलं. हे लिहिताना माझा हात थांबतो. सत्तेच्या भांडणात या मुलांचं काय देणं होतं?

पाठ्यपुस्तकांत इजिप्तचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून नासर यांचं नाव आलं. पिढीच्या पिढी तेच शिकून मोठी झाली.

1967 साली इस्रायलकडून झालेल्या पराभवानंतर आमेर गेला. 1970 च्या सप्टेंबरमध्ये नासर गेले. 1971 साली नवे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी पहारा उठवला. सत्तरीचा म्हातारा त्याच बंगल्यात राहत राहिला. जाणार कुठं? पुढं मूळ मालकांच्या वारसांनी घर परत मागितलं, आणि अखेरच्या दिवसांत त्यांना तेही सोडावं लागलं.

28 ऑगस्ट 1984 रोजी महंमद नगीब वारले. लष्करी इतमामात अंत्ययात्रा निघाली, राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक तिच्यात चालले. त्याच वर्षी कैरोच्या पुस्तकांच्या दुकानांत नगीब यांचं आत्मचरित्र आलं होतं. मुखपृष्ठावर तीन अरबी शब्द: कुन्तु रईसन लि-मिस्र.

मी इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष होतो.