कागदी पात्र घडवताना सांधा कुठे ठेवावा?

नमस्कार. खेळांतल्या आणि कार्टूनमधल्या पात्रांच्या कागदी प्रतिकृती करणे हा माझा छंद आहे. माझ्या हातात कागदाचे दोन ठोकळे आहेत. दोन्ही एकाच जातीच्या कागदाचे आहेत, दोन्हींची प्रत्येक बाजू ४ सेंटीमीटरची आहे आणि दोन्हींवर एकच चेहरा छापलेला आहे, माइनक्राफ्ट या खेळातील स्टीव्हचा.

(दोन्ही ठोकळे कॅमेऱ्याजवळ आणून)

डावीकडचा ठोकळा नीट पाहा. चेहऱ्याच्या तीन कडांवर कागदाची पांढरी रेघ उघडी पडली आहे आणि हनुवटीच्या कोपऱ्यात गोंद बाहेर येऊन वाळल्याचा डाग आहे. उजवीकडच्या ठोकळ्यात मात्र चेहऱ्याच्या चारही कडा अखंड आहेत आणि कपाळावरचे केस थेट डोक्यावर वळून जातात. दोन्ही ठोकळे मीच, एकाच दिवशी, एकाच कटरने कापले. हा फरक हाताच्या सफाईमुळे पडलेला नाही. घडणी निवडली तेव्हाच तो ठरला होता.

घडणी हा शब्द आपल्याला शाळेच्या भूमितीतून ठाऊक आहे. घनाकृती उलगडून सपाट कागदावर मांडली की जी आकृती मिळते, ती तिची घडणी. घनाला ६ पृष्ठे आणि १२ कडा असतात. तो एकाच सलग तुकड्यात उलगडला तर ५ कडा घड्या म्हणून शिल्लक राहतात आणि ७ कडा कापाव्या लागतात, म्हणजेच नंतर चिकटवाव्या लागतात. घनाच्या एकूण ११ वेगवेगळ्या घडण्या होतात, पण त्यांपैकी कोणतीही निवडली तरी सांधे सातच राहतात. त्यांची संख्या आपल्या हातात नसते, त्यांची जागा मात्र असते. डावीकडच्या ठोकळ्यात मी क्रूसाच्या आकाराची घडणी घेतली आणि चेहरा तिच्या लांब टोकाला ठेवला, त्यामुळे त्याच्या चारपैकी तीन कडांवर सांधे आले. उजवीकडे घडणी तीच आहे, फक्त चेहरा क्रूसाच्या मध्यावर, जिथे चारही बाजूंना शेजारी चौरस आहेत तिथे ठेवला आहे. तेवढ्याने सातही सांधे चेहऱ्यापासून दूर, बाजूंच्या आणि मागच्या कडांवर गेले.

कागदी पात्राची रचना करण्याचे मुख्य काम माझ्या मते हेच आहे. कापणे, दुमडणे आणि चिकटवणे सरावाने जमत जाते, पण सांधा कुठे असावा याचा विचार प्रत्येक पात्रासाठी नव्याने करावा लागतो, आणि तो विचार करण्यातच मला या छंदाचा सर्वांत मोठा आनंद मिळत आला आहे.

ज्यांना पहिल्यांदाच स्वतःचा आराखडा करायचा आहे, त्यांनी स्टीव्हपासूनच सुरुवात करावी, कारण त्याची मापे आधीच चौकटींमध्ये ठरलेली आहेत. डोके ८ चौकटी रुंद, ८ उंच आणि ८ खोल असते. धड ८ रुंद, १२ उंच आणि ४ खोल असते. प्रत्येक हात आणि प्रत्येक पाय ४ रुंद, १२ उंच आणि ४ खोल असतो. पाय, धड आणि डोके यांची उंची मिळून ३२ चौकटी होतात. एक चौकट ५ मिलिमीटरची धरली तर १६ सेंटीमीटर उंचीचे पात्र तयार होते, जे टेबलावर छान दिसते आणि ज्याचा सर्वांत लहान भागही बोटांनी धरता येतो. हातांचा उभा सांधा धडाकडच्या मागच्या कडेवर घ्यावा, म्हणजे हात जागेवर बसल्यावर तो कोणाला दिसणार नाही. पायांचा सांधाही आतल्या बाजूला, दोन पायांच्या मधल्या फटीकडे ठेवावा.

ठोकळ्यांचे पात्र इतके सरळ असते, पण आपल्याला आवडणारी बहुतेक पात्रे गोल गालांची आणि गोल डोक्यांची असतात, आणि खरा प्रश्न तिथे उभा राहतो. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. त्याची नळी होते, शंकू होतो, गोल मात्र होत नाही. कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली दाखवून दिले की पृष्ठभाग न ताणता कितीही वाकवला तरी त्याची एक विशिष्ट वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची ही वक्रता शून्य असते आणि गोलाची शून्य नसते, म्हणून एकापासून दुसरा कधीही तयार होऊ शकत नाही. चेंडूवर कागद गुंडाळताना ज्या चुण्या पडतात त्या याच कारणाने पडतात, आणि त्या चुण्यांच्या जागी आपण विचारपूर्वक काप देतो.

उदाहरण म्हणून डोरेमॉन घेऊ. त्याच्या निर्मात्यांनी त्याची उंची १२९.३ सेंटीमीटर ठरवली आहे आणि छातीचा घेरही तेवढाच. घेराला ३.१४ ने भागले की शरीराचा व्यास सुमारे ४१ सेंटीमीटर येतो, म्हणजे उंचीच्या जवळजवळ एक तृतीयांश. आपली प्रतिकृती १८ सेंटीमीटर उंच करायची असेल तर धडाचा व्यास ५.७ सेंटीमीटर ठेवावा लागेल. डोके त्याहून मोठे दिसायला हवे, म्हणून मी त्याचा व्यास ७ सेंटीमीटर धरला.

(टेबलावर वही उघडून, पेन्सिलने आकृती काढत)

७ सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा घेर २२ सेंटीमीटर येतो. संत्र्याच्या फोडींप्रमाणे त्याचे १२ भाग केले तर प्रत्येक पाकळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ सेंटीमीटर लांब आणि मध्यावर साधारण १८ मिलिमीटर रुंद होते. तिच्या कडा सरळ काढल्या तर गोल न होता दोन शंकू एकमेकांवर पालथे ठेवल्यासारखा आकार होतो, म्हणून पाकळीचा फुगवटा अचूक असायला हवा. मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर साडेपाच सेंटीमीटर आहे. त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ३७ मिलिमीटर अंतर गेल्यावर पाकळीची रुंदी मध्याच्या बरोबर निम्मी, ९ मिलिमीटर उरली पाहिजे. मध्य, ही खूण आणि टोक अशा तीन ठिकाणांतून हाताने वळणदार रेषा काढली तरी डोके पुरेसे गोल होते. पाकळ्या आठच केल्या तर काम लवकर संपते, पण मग डोक्याला भोपळ्यासारखे कंगोरे येतात आणि डोरेमॉनला ते शोभत नाहीत.

आता सांध्यांकडे येऊ. पाकळ्यांची टोके वर आणि खाली ठेवली तर उभे सांधे चेहऱ्यावरून जातात. पाकळीचा मध्य नाकावर आणला तर सांधे डोळ्यांखाली येतात, आणि सांधा नाकावर आणला तर चेहरा मधोमध चिरल्यासारखा दिसतो. मी यावर बराच काळ घालवला आणि शेवटी पाकळ्यांची दिशाच बदलली. निळ्या पाकळ्यांची टोके डोक्याच्या मागच्या बाजूला एकत्र आणली आणि त्या पाकळ्या पुढे, पांढरा चेहरा जिथे सुरू होतो तिथपर्यंत येऊ दिल्या. पांढरा चेहरा एका सलग गोल तुकड्यातून कापला, त्याच्या काठावर सर्व बाजूंनी छोटे काप दिले आणि तेवढाच काठ आत ओढून त्याला उथळ वाटीचा आकार दिला. मधला भाग किंचित सपाट राहतो, पण डोळे, नाक आणि मिशा ज्या जागेवर येतात तिथे एकही काप येत नाही. पांढऱ्या आणि निळ्या रंगाची हद्द तिथे आधीच रेघेसारखी दिसते, त्यामुळे त्याच रेघेवरचा सांधा डोळ्याला खटकत नाही.

एकदा ही दृष्टी आली की प्रत्येक पात्राच्या पोशाखात सांध्यांसाठी तयार जागा दिसू लागतात. डोरेमॉनच्या गळ्यातला लाल पट्टा डोके आणि धड यांचा सांधा संपूर्ण झाकतो. दुसऱ्या एखाद्या पात्राचा कमरपट्टा, हातमोज्याचा काठ, बुटाची वरची कड किंवा पाठीवरचा झगा हेच काम करतो. म्हणून आराखडा काढण्याआधी मी पात्राचे चित्र समोर ठेवून केवळ रंगांच्या हद्दी एका पातळ कागदावर उतरवून घेतो.

अशी घडणी हाताने काढण्याची परंपरा जुनी आहे. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ साली प्रसिद्ध केलेल्या मापनाच्या ग्रंथात घनाकृती उलगडून दाखवल्या होत्या. गुंतागुंतीच्या पात्रांसाठी मात्र संगणकाची मदत घेणे सोयीचे असते. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पात्राचे त्रिमितीय प्रारूप तयार करता येते आणि त्याला जोडता येणाऱ्या कागदी प्रारूपाच्या पुरवणीने (ॲड-ऑनने) ते उलगडता येते. पेपाकुरा डिझायनर हे जपानी सॉफ्टवेअर खास याच कामासाठी आहे. प्रारूपातील पृष्ठांची संख्या आधी कमी करावी लागते, कारण हजारो त्रिकोणांचे डोके पडद्यावर सुंदर दिसले तरी कोणी कापू शकत नाही. ही संख्या आपोआप कमी करायला सांगितली तर चेहऱ्याची डावी आणि उजवी बाजू एकमेकींशी जुळेनाशी होते. त्यामुळे अर्धेच शरीर घडवून दुसरे अर्धे आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उमटवणे अधिक चांगले.

सॉफ्टवेअर कडा कापते ती केवळ भूमितीच्या हिशेबाने. डोळा कोणता आणि टाच कोणती हे त्याला कळत नाही, आणि म्हणून त्याने दिलेली पहिली घडणी जशीच्या तशी छापू नये. चेहऱ्यावरचे सर्व सांधे एकेक करून जोडावेत आणि त्यांच्या बदल्यात मागच्या बाजूच्या कडा उघडाव्यात. असे करताना घडणीचे भाग एकमेकांवर चढू लागतात, कारण पात्राच्या शरीरात काखा, मान आणि बोटांमधल्या फटी असे अनेक खोलगट भाग असतात. तिथे हट्ट न करता दोन तुकडे करावेत.

कागदाविषयी थोडक्यात सांगतो. साधा ८० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, कागद केवळ चाचणीसाठी वापरावा, आणि ती चाचणी रंगाशिवाय, पांढऱ्या कागदावरच करावी. अंतिम प्रतिकृतीसाठी १६० ते २०० जीएसएमचा कागद योग्य ठरतो. कागदातील तंतूंची एक दिशा असते. ज्या दिशेने कागदाची नळी सहज वळते, त्या नळीच्या लांबीला तंतू समांतर असतात. हातापायांच्या नळ्या याच दिशेने कापाव्यात, अन्यथा त्यांवर आडव्या मोडी पडतात. दुमडण्याआधी प्रत्येक घडीवर पट्टी ठेवून लिहून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबावी. पाकळ्यांना चिकटवण्याआधी पेन्सिलवरून हलकेच ओढून बाक द्यावा, कारण गोंद लागलेल्या कागदाला नंतर बाक देता येत नाही.

(कापलेला तुकडा उभा धरून, त्याची कड दाखवत)

ही कागदाची कड पाहा. छपाई वरच्या पृष्ठावर असते, आतला कागद पांढराच राहतो. अगदी नेमका जोडलेला सांधाही या पांढऱ्या रेघेमुळे उघडा पडतो. म्हणून कापल्यानंतर प्रत्येक तुकड्याच्या कडेवरून त्याच रंगाची पेन्सिल आडवी धरून फिरवावी. याला प्रत्येक तुकड्यामागे अर्धा मिनिट लागतो आणि प्रतिकृतीचे रूप इतके पालटते की मी हे काम कधीही गाळत नाही.

जोडण्याच्या क्रमाबाबत एक अनुभव सांगतो. मी पहिल्यांदा स्वतः आखलेल्या पात्राचे डोके पूर्ण बंद केले, ते अतिशय सुबक झाले, आणि मग ते मानेवर बसवताना लक्षात आले की आतून जोडपट्टी, म्हणजे गोंद लावण्यासाठी कडेला ठेवलेली अरुंद पट्टी, दाबायला बोट घालायला जागाच उरलेली नाही. बाहेरून दाबल्यावर गाल आत गेला आणि तो पुन्हा वर आला नाही. तेव्हापासून मी आधी मान डोक्याला जोडतो आणि डोके त्यानंतरच मागून बंद करतो. पांढरा गोंद काडीच्या टोकाने, जोडपट्टीवर जेमतेम दिसेल इतकाच लावावा, कारण त्यातील पाण्याने कागद फुगतो आणि शाईच्या फवाऱ्याने झालेली छपाई पसरते.

आपण दुसऱ्याने आखलेली घडणी वापरत असाल तर त्या रचनाकाराचे नाव आवर्जून सांगावे. पात्रावरचे हक्क त्याच्या निर्मात्यांकडे असतात, त्यामुळे प्रतिकृती विक्रीसाठी न करता स्वतःच्या आनंदासाठीच करावी.

आता शेवटचा सांधा उरतो. कोणतीही बंद प्रतिकृती पूर्ण करताना एक कड अशी राहतेच की जिला आतून आधार देता येत नाही. ती तळपायाखाली ठेवावी. तळ उघडा असतानाच दोन्ही पायांत एकेक नाणे गोंदाने बसवावे, कारण मोठ्या डोक्याचे पात्र त्या वजनाशिवाय थोड्याशा वाऱ्यानेही पडते. स्टीव्हचे डोके तर धडापेक्षा पुढे आणि मागे एकेक सेंटीमीटर बाहेर येते आणि त्याच्या पावलांची खोली केवळ २ सेंटीमीटर असते. नाणी बसली की तळाच्या चारही जोडपट्ट्यांवर गोंद लावावा, तळाचा चौरस चिमट्याने जागेवर ठेवावा, पात्र सरळ उभे करावे आणि डोक्यावर बोट न ठेवता त्याच्या स्वतःच्या वजनाखाली तो सांधा वाळू द्यावा.

(पात्र टेबलावर उभे करून हात बाजूला घेत)