टायमिंग बिबच्या टेबलावरच सुरू होतं

(सांगलीत आमच्या रनिंग ग्रुपच्या रविवारच्या शर्यतीआधी व्हॉलंटियर मीटिंगला जे बोलणं झालं ते, थोडं नीट करून.)

या, पुढं या, मागं उभं राहू नका, आज माइक नाहीये आणि मला ओरडायला लावू नका. रूटवाले आणि पाणीवाले त्यांच्या कॅप्टनबरोबर नंतर बसतील, आत्ता फक्त रजिस्ट्रेशन आणि टायमिंगला जे येणार त्यांच्यासाठी बोलतोय.

टायमिंग म्हटलं की सगळ्यांना स्टार्ट-फिनिशला अंथरलेली मॅट दिसते, बीप ऐकू येतो, लॅपटॉप दिसतो, आणि तरुण पोरं सगळी तिकडंच नावं देतात. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबरचा कागद, तो वाटायचं टेबल मात्र "ते काय, कुणीही बसेल" म्हणून उरलेल्यांच्या गळ्यात मारतात. माझं मत बरोबर उलटं आहे. रिझल्ट लागल्यावर व्हॉट्सअपवर जो धुरळा उठतो ना, माझं नाव नाही, माझी कॅटेगरी चुकली, माझ्या नावापुढं दुसऱ्याचा टाइम आहे, त्यातल्या बहुतेक तक्रारी मॅटवर झालेल्या नसतातच, त्या शनिवारी संध्याकाळी टेबलावर जन्माला आलेल्या असतात. मॅटला माणूस कळत नाही हो. तिला फक्त चिपचा नंबर कळतो, आणि तो नंबर कुणाचा हे तिला आपण सांगितलेलं असतं. आपण चुकीचं सांगितलं तर ती अगदी प्रामाणिकपणे सेकंदासकट चुकीचं उत्तर देते.

चिप म्हणजे काय ते एकदा बघून घ्या, हा बिब पुढं पास करा. मागं हे जे पातळ चंदेरी पट्टीसारखं चिकटवलंय तेच. यात बॅटरी नाही. मॅटमधली अँटेना रेडिओ लहरी सोडते, त्यावरच ही चिप जागी होते आणि आपला नंबर परत सांगते. आता गंमत अशी की या लहरींना पाणी चालत नाही, आणि आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून बिब छातीवर, पुढच्या बाजूला, सपाट. कमरेला गुंडाळला, खिशात घातला, पाठीवर लावला की चिप वाचली जायची खात्री संपली. काही लोक बिबची घडी घालतात, का तर फोटोत टी-शर्टवरचं डिझाइन दिसलं पाहिजे. त्या घडीत अँटेना मोडते. तर बिब देताना हे प्रत्येकाला तोंडानं सांगायचं, इन्स्ट्रक्शनचा कागद कुणी वाचत नाही. चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना, पट्टीतून पिन घालायची नाही. पूर्वी बुटाच्या लेसला बांधायच्या चिपा असायच्या आणि शर्यत संपल्यावर त्या परत गोळा करायला माणसं लागायची, खाली वाकून लेस सोडणारे व्हॉलंटियर, ते काम आता वाचलंय एवढं नशीब समजा.

आता यादी. गुगल फॉर्म भरणारा माणूस घाईत असतो हे धरूनच चालायचं. जन्मतारखेच्या जागी आजची तारीख टाकतात, म्हणजे एक्सेलमध्ये शून्य वर्षाचा रनर 10 किलोमीटर पळायला तयार. घरातले चौघं एकाच मोबाईल नंबरवर रजिस्टर करतात. तारीख 04/07 दिसते आणि एक्सेल कधी त्याला 4 जुलै समजतं कधी 7 एप्रिल, आणि वय आपण शर्यतीच्या दिवशीचं धरतो, त्यामुळं एखादा 44 चा की 45 चा हे तेवढ्यावर बदलतं आणि 45 च्या वरच्या गटात तिसऱ्या नंबरसाठी भांडण लागतं. म्हणून टेबलावर नुसता बिब हातात द्यायचा नाही, स्क्रीन त्यांच्याकडं फिरवायची आणि विचारायचं, नाव बरोबर आहे का, गट बरोबर आहे का, बघा एकदा. दहा सेकंद जातात. मागं लाइन लागली तरी ही दहा सेकंद सोडायची नाहीत. आणि नावावरून शोधू नका, पाटील टाकलं की अर्धी सांगली-मिरज समोर येते, मोबाईलचे शेवटचे चार आकडे विचारा.

मग येतो मेव्हणा. "काय ओ, मेव्हण्याचा पण बिब द्या की, त्याला मिरजेहून यायला जमंना झालंय." देऊ शकतो, पण रजिस्ट्रेशनचा मेसेज त्याच्या मोबाईलवरून फॉरवर्ड झालेला असला पाहिजे आणि घेणाऱ्याचं नाव, नंबर आपल्या वहीत गेला पाहिजे. इथं गोड बोलून ठाम राहणारा माणूस लागतो, रागावणारा नको आणि विरघळणारा तर अजिबात नको.

कारण खरा घोटाळा त्याच्या पुढचा आहे. ऐनवेळी मेव्हण्याचा घसा बसतो आणि त्याचा बिब लावून भाऊ पळतो. किंवा बायकोचा बिब नवरा लावतो, एन्ट्री फी कशाला वाया घालवायची. रिझल्टमध्ये महिला गटात पहिला नंबर, आणि पोडियमवर कोण येतंय बघायला गेलं तर मिशा. हसताय, ठीक आहे, पण बिबच्या मागं रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर असतो. रस्त्यावर कुणी चक्कर येऊन पडला तर डॉक्टर तेच वाचतात आणि तिथं दुसऱ्याचा रक्तगट, दुसऱ्याच्या घरचा नंबर. त्यामुळं बिब बदलायचाच असेल तर टेबलावर येऊन नाव बदलून घ्या, शनिवारी रात्री आठपर्यंत आपण बदलून देतो, हे सगळ्यांना कळलं पाहिजे. नुसतं "चालणार नाही" म्हटलं तर लोक लपून करतात. सोय करून दिली तर येऊन सांगतात, हा अनुभव आहे.

रविवारी पहाटेचं बघू. मॅट अंधारातच अंथरायची, केबलवर टेप, बॅटरी चार्ज झालीय का ते आदल्या रात्री. स्टार्टची मॅट चालू असताना वॉर्मअपवाले तिच्यावरून येरझाऱ्या घालतात, त्यांचे सगळे रीड, म्हणजे चिप वाचल्याच्या नोंदी, साठत राहतात, म्हणून सुटायच्या आधी एकानं तिथं उभं राहून लोकांना मागं ठेवायचं. सुटल्याची वेळ, म्हणजे गन टाइम, लॅपटॉपवर आणि दोन वेगळ्या स्टॉपवॉचवर एकदम. एकच घड्याळ म्हणजे घड्याळ नाही असं धरा. गन टाइम आणि नेट टाइमवरून दरवर्षी प्रश्न येतो, तर सरळ सांगा: बंदूक वाजल्यापासून ते फिनिशपर्यंत गन टाइम, आणि तुम्ही स्टार्टची मॅट ओलांडल्यापासून नेट टाइम. मागं उभा राहिलेल्याला लाइनपर्यंत यायलाच मिनिट दीड मिनिट लागतं, त्याच्या सर्टिफिकेटवर नेट टाइम शोभतो. पण नंबर गन टाइमवरच, जो आधी आला तो आधी. नाहीतर पुढं पळणाऱ्याला कळायलाच नको की आपण कुणाशी पळतोय. आणि रोड रेसमध्ये सेकंदाचा तुकडा वरच्या पूर्ण सेकंदात जातो, 44.3 चे 45 होतात, 44 नाही. हे नियमातच आहे, त्यावर वाद घालत बसू नका.

फिनिशला सगळ्यात मोठा त्रास देतात ते पोचलेले लोक. पोचले, मेडल गळ्यात, आणि मॅटच्या शेजारीच सेल्फी. चिप अजून छातीवरच आहे, मॅट वाचत राहते. बायकोचा आणि पोराचा बिब हातात घेऊन उभा असलेला गृहस्थ तर त्याहून भारी, त्याच्यामुळं न पळालेली दोन माणसं फिनिश होतात. म्हणून फिनिशच्या पुढं लोकांना हलवत ठेवायला दोघं मोकळे पाहिजेत. केळी आणि पोहे लांब ठेवा, लोक आपोआप पुढं जातात.

आता हाताचं टायमिंग. चिप असली तरी हे करायचंच, आणि मला विचाराल तर हे नीट करणारा माणूस चिपवाल्यापेक्षा मोठा. यात दोन वेगळ्या याद्या तयार होतात. एकजण स्टॉपवॉच घेऊन लाइनवर, जो येईल त्याला बटण, त्याच्याकडं नुसत्या वेळा, नावं नाहीत. दुसरीकडं एकजण बिब नंबर मोठ्यानं सांगतो आणि तिसरा लिहितो, त्यांच्याकडं नुसते नंबर, वेळा नाहीत. नंतर पहिला नंबर पहिल्या वेळेला, दुसरा दुसऱ्याला असं जुळवायचं. चाळिसाव्या माणसाला बटण दाबायचं राहिलं की त्याच्या खालची प्रत्येक वेळ एक घर वर सरकते, आणि शेवटच्या माणसाला वेळच उरत नाही. यावर जुना इलाज आहे: चौथा माणूस साधारण दर वीस जणांमागं एकाचा बिब आणि वेळ दोन्ही एकत्र लिहून ठेवतो. मग चूक कुठल्या विसात आहे ते कळतं आणि ती तिथंच अडकते. शिवाय एक मोबाईल ट्रायपॉडवर लावून सलग व्हिडिओ, फ्रेममध्ये घड्याळ दिसेल असा. निम्मे वाद तो व्हिडिओच मिटवतो.

नंबर सांगताना एक सांगतो. "पाचशे एकोणसत्तर" ओरडलं की ढोल-ताशाच्या आवाजात लिहिणारा एकोणसाठ लिहितो, नाहीतर एकोणऐंशी. म्हणून पाच, सहा, नऊ असं सुटं सांगा. आणि पेन्सिल आणा, पावसात पेनाचा लगदा होतो.

हे जुळवाजुळवीचं कोडं इंग्लंडमधल्या पार्करनवाल्यांनी फार सोप्या पद्धतीनं सोडवलंय, ते मला फार आवडतं. 2 ऑक्टोबर 2004 ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 जण पळाले तिथून ते सुरू झालं, आता कितीतरी देशांत दर शनिवारी 5 किलोमीटर, फुकट, सगळं व्हॉलंटियरवर. त्यांच्याकडं बटण दाबणारा बटण दाबतो, आणि पोचणाऱ्याच्या हातात क्रमांकाचं टोकन देतात, पहिला, दुसरा, तिसरा. मग रनर स्वतःचा बारकोड आणि ते टोकन दोन्ही स्कॅन करून घेतो. वेळ टोकनला चिकटलेली, टोकन माणसाला. सुरुवातीला तर म्हणे हार्डवेअरच्या दुकानातले वायसर टोकन म्हणून वापरायचे. आपल्या दर महिन्याच्या छोट्या रनला चिपचा खर्च परवडत नाही, तिथं हेच करून बघू असं माझं म्हणणं आहे, ग्रुपवर बोलूच.

यू-टर्नला मॅट ठेवणार आहोत, आणि ती बिघडली तर हातात घालायला रंगीत रबरबँड. का, ते 1980 च्या बॉस्टन मॅरेथॉनवरून कळतं. रोझी रुईझ नावाची बाई 2 तास 31 मिनिटं 56 सेकंदात महिलांत पहिली आली, गळ्यात पुष्पचक्र पडलं, फोटो झाले. पण मधल्या टप्प्यांवर तिला कुणी बघितलंच नव्हतं. ती शेवटी शेवटी गर्दीतून रस्त्यावर आली होती. आठवडाभरानं तिला बाद करून कॅनडाच्या जॅकलिन गॅरोला विजेती ठरवलं. गॅरोला फिनिश लाइनवरचा तो क्षण काही परत मिळाला नाही. आपल्याकडं कुणी एवढं धाडस करत नाही, आपल्याकडं पाचच्या ऐवजी तीन किलोमीटरला वळतात, आणि कितीदा तर मुद्दाम नाही, वळणावर उभा राहणारा मार्शल चहाला गेलेला असतो.

म्हणून बक्षीस समारंभाचे पाहुणे घड्याळ बघत बसले तरी टायमिंगवाल्यांनी "ओके" म्हटल्याशिवाय नाव पुकारायचं नाही. वीस मिनिटं लागतील. पाहुण्यांना चहा द्या. पोडियमवरून माणूस खाली उतरवणं फार वाईट असतं, ते मी एका रनला बघितलंय, त्या मुलीनं घरच्यांना फोन करून झाला होता.

"माझ्या घड्याळात 10.3 किलोमीटर आलं" म्हणणारे येतील. जीपीएस घड्याळ थोडं इकडं तिकडं दाखवतं आणि माणूस सरळ रेषेत पळत नाही, वळणाला बाहेरून जातो, पाण्याच्या टेबलाकडं तिरका जातो. सर्टिफाइड कोर्स तर सायकलच्या चाकाला काउंटर लावून मोजतात आणि मुद्दाम किलोमीटरमागं एक मीटर जास्त ठेवतात, कमी भरू नये म्हणून. साताऱ्याचा यवतेश्वर घाट पळून आलेल्यांना हे सांगायला नको, त्यांची घड्याळं प्रत्येक वळणाला वेगळंच बोलत असतात.

आणि मॅट कधी गुंडाळायची? नऊ वाजले, ऊन आलं, गर्दी गेली म्हणून नाही. स्टार्ट मॅटवर किती चिपा वाचल्या आणि फिनिशला किती, हा फरक टायमिंगच्या लॅपटॉपवर सतत दिसतो. तो फरक म्हणजे अजून रस्त्यावर असलेली माणसं. त्यातले काही अर्ध्यातून रिक्षा करून घरी गेलेले असतात आणि कुणाला सांगत नाहीत. त्यांना फोन करायचे, टेबलाच्या यादीतले नंबर काढून, एकेकाला. मागची गाडी आणि अँब्युलन्स आपल्याला विचारत असते, अजून कुणी आहे का, आणि उत्तर देऊ शकणारे रस्त्यावर फक्त आपणच असतो. म्हणून मोबाईल नंबर तपासून घ्या म्हणतोय मी, मगाशी हसत होतात ते.

बरं, ड्यूटी. दाराजवळच्या टेबलावर यादी आहे, नावं लिहून जा. बिब टेबलाला शनिवारी आठ माणसं पाहिजेत, दुपारी चार ते रात्री नऊ, आणि त्यातल्या निदान तिघांनी रविवारी हेल्प डेस्कला पण यायचं, कारण कुणाचं काय बदललं ते त्यांनाच माहीत असतं. जे स्वतः पळणार आहेत त्यांनी टायमिंगला नाव देऊ नका, दोन्ही होत नाही. हाताच्या टायमिंगला चष्मा असलेले चालतील, गप्पिष्ट चालणार नाहीत. आणि पेन्सिलींचं कोण बघतंय ते आत्ताच सांगा.