इंजिन नंतर बघा, आधी ट्रान्समिशन

[दृश्य: हिरवळीवर मोअर जागच्या जागी गिरकी घेतो]

हा झिरो-टर्न मोअर, म्हणजे जागच्या जागी वळणारं गवत कापायचं मशीन. डावा दांडा पुढे, उजवा मागे. एक चाक सुलट, दुसरं उलट, आणि अख्खं मशीन जागच्या जागी वळतं. वळवण्याचं सगळं काम मागची दोन चाकं करतात, कारण प्रत्येक चाकाला स्वतःचं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन आहे, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलच्या दाबाने चाकापर्यंत पोचवणारी यंत्रणा.

झिरो-टर्न मोअर घेताना विचारलं जातं ते हॉर्सपॉवर आणि कापणीची रुंदी. सीटखाली काय बसवलंय, हे क्वचितच कुणी विचारतं. पहिला प्रश्न तोच हवा.

[दृश्य: टेबलावर उघडलेला पंप, अगदी जवळून]

हा ट्रान्समिशनमधला पंप, चाकाच्या मोटरकडे ऑइल ढकलणारा. हा गोल ब्लॉक, त्यात बसवलेले पिस्टन, आणि त्यांच्या टोकाशी टेकलेली ही तबकडी, म्हणजे स्वॉश प्लेट. इंजिन चालू असेपर्यंत बेल्ट हा ब्लॉक फिरवत राहतो. तबकडी सरळ असली, की पिस्टन नुसते गोल फिरतात. ऑइल ढकललं जात नाही, चाक थांबलेलं. आता दांडा थोडा पुढे. तबकडी कलली, आणि तेच पिस्टन आत-बाहेर होऊ लागले. कल वाढला की ऑइल वाढतं, ऑइल वाढलं की वेग. दांडा मागे ओढला की तबकडी दुसऱ्या बाजूला कलते, ऑइल उलट वाहतं, चाकही उलट फिरतं. क्लच नाही, गिअर बदलणं नाही.

ही चकचकीत बाजू नीट बघा. पिस्टन आणि त्याचं भोक यांच्यातली फट काही मायक्रॉनची. ऑइल तापून पातळ झालं, की दाबाखालचं ऑइल याच फटीतून निसटतं. मग सकाळी जोमात चढलेला चढ दुपारी चढवत नाही. आणि या दुसऱ्या ब्लॉकवरचे ओरखडे घाणेरड्या ऑइलचे.

[दृश्य: तीन युनिटं शेजारी शेजारी]

डावीकडे हायड्रो-गिअर कंपनीचं ईझेडटी. पंप आणि त्याच्या ऑइलने फिरणारी मोटर एकाच घरात, बाहेरून बदलता येईल असा फिल्टर नाही. सपाट, लहान हिरवळीला ते पुरतं. मधलं त्याच कंपनीचं झेडटी-२८००, याचा फिल्टर बाहेरून फिरवून काढता येतो. उजवीकडे पंप वेगळा, चाकाची मोटर वेगळी, मधे होजपाइप. दिवसभर कापणी करणाऱ्यांसाठी हे, कारण एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो.

ऑइल बदलायची गरजच नाही, असं सांगून विकलेली युनिटं पुष्कळ आहेत. पण ऑइल तापायचं राहत नाही, आणि घासलेल्या धातूची कीस त्यात उतरायची थांबत नाही. म्हणून आमचं स्पष्ट म्हणणं आहे: फिल्टर हाताला लागेल असंच युनिट निवडा. चढावर कापायचं असेल, मागे गवताच्या पिशव्या लावायच्या असतील किंवा ट्रॉली ओढायची असेल, तर एक पायरी वरचं घ्या.

[दृश्य: सर्व्हिसिंग]

फिल्टरला हात लावण्याआधी भोवतीचं गवत आणि माती हवेने उडवून टाकायची, नाहीतर तीच आत पडते. झेडटी-२८००, ३१०० आणि ३४०० मध्ये पहिलं ऑइल ७५ तासांनी बदलतात, पुढे दर ४०० तासांनी. यांत २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालतं. बाकी मशीनना त्यांच्या मॅन्युअलमधला आकडाच धरायचा. निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. काळं आणि जळका वास येणारं असेल तर युनिट तापतंय. पंपावरचा हा छोटा पंखा बघा, दोन पाती तुटलेली. युनिट तापायला एवढंही पुरतं.

नवं ऑइल भरलं, की आतली एअर काढायची. मागची चाकं उचलून स्टँडवर. बायपास, म्हणजे चाक मोकळं सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा, इंजिन मंद. दोन्ही दांडे सावकाश पुढे-मागे, पाच-सहा वेळा. आवाज ऐका, हा घरघरीचा आवाज एअरचा. बायपास बंद करून पुन्हा तेच. पातळी उतरली की भर घालायची, पुन्हा दांडे हलवायचे. घरघर थांबली आणि दोन्ही चाकं एकसारखी फिरली, की झालं. मशीन थंड झाल्यावर पातळी परत एकदा बघायची.

बंद पडलेलं मशीन हलवायचं तर बायपास उघडून, हाताने ढकलत. दोर बांधून ओढायचं नाही.

उतारावर ब्रेकही हेच ट्रान्समिशन लावतं. ते निसटलं, की मशीन सुटतं.

[दृश्य: मशीन उजवीकडे ओढत जातं]

मशीन एका बाजूला ओढत असेल तर लगेच ट्रान्समिशन उतरवू नका. आधी दोन्ही टायरमधली हवा सारखी आहे का बघा. मग बायपासचा लिव्हर अर्धवट उघडा राहिलाय का, आणि शेवटी दांड्याखालचा ट्रॅकिंगचा, म्हणजे दोन्ही चाकांचा वेग जुळवायचा बोल्ट. इथे बिघाड त्या बोल्टचाच होता. अर्धा फेरा पाना फिरवला, आणि मशीन सरळ चालू लागलं.