पुलाला किती?

[आयर्विन पूल. सकाळ. गढूळ, तांबूस पाणी.]

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली, की खुशाली मागाहून. आधी प्रश्न एकच: "पुलाला किती?"

पूल म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन, १९२९ सालचा; आणि 'किती' म्हणजे तिथली पाण्याची पातळी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाढ्यासारखं पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला आणि नदीकाठच्या गावभागात होड्या फिरल्या.

पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट चढते. "कोयनेचे सगळे दरवाजे उघडले म्हणं." "आज रात्री बारानंतर अजून दहा फूट." कोण म्हणालं? "ग्रुपवर आलंय."

[वर्गातला फळा. निरीक्षण, सर्वेक्षण, सहसंबंध, प्रयोग.]

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला संशोधन पद्धतींचं प्रकरण असतं. पोरं व्याख्या घोकतात, पाच मार्क घेतात आणि विसरतात. मीही विसरलो होतो. ते प्रकरण मला परत आठवलं ते पुराच्या अफवांमुळे, कारण या विषयातली एक नामांकित कल्पना उभी राहिली ती आपल्याच देशात टिपून ठेवलेल्या अफवांच्या आधारानं.

१५ जानेवारी १९३४. नेपाळ-बिहारचा भूकंप. हादरा लांबवर जाणवला, पण पडझड ठरावीक भागातच झाली आणि तिकडची खबर मिळणं मुश्कील. जमुना प्रसाद या अभ्यासकानं एक साधं काम केलं. जिथे जमीन हलली पण घरं शाबूत राहिली, तिथे लोक काय बोलतात ते उतरवून घेतलं. गंगेचं पाणीच गडप झालं. पाटण्याला मोठं चक्रीवादळ येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप. २३ जानेवारीला अनर्थ.

हे झालं निरीक्षण. ते त्याच वेळी केलं, यात त्याची किंमत आहे. आज गावभागात जाऊन विचारा, "२०१९ ला काय ऐकलं होतं?" प्रत्येक जण सांगेल, "मी तर आधीच म्हटलं होतं, यंदा पाणी घरात येणार." खोटं बोलत नसतो कुणी. आठवण मागाहून सारवली जाते.

प्रसादांच्या नोंदींत एक कोडं होतं. ही माणसं वाचली होती. मग धीर देणाऱ्या अफवा सोडून आणखी भीती वाढवणाऱ्या अफवा का?

१९५० साली दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. तिथे दुर्गानंद सिन्हा यांनी असाच अभ्यास केला. इथे नुकसान डोळ्यांसमोर होतं. आणि पुढे याहून भयंकर काही येणार, अशा अफवा तिथे दिसल्या नाहीत.

अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञांनी हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले. १९५७ च्या ग्रंथात त्यांनी अर्थ लावला तो असा: पोटात भीती आहे, पण समोर घाबरण्याजोगं काही नाही. हे दोन्ही एकत्र नांदत नाही. मग मन भीतीला साजेसं कारण शोधतं, ते अफवेत मिळतं. दार्जिलिंगला कारण समोरच पडलेलं होतं. दोन न जुळणाऱ्या गोष्टींच्या या ओढाताणीला त्यांनी नाव दिलं, बोधात्मक विसंगती.

[चहाचा गाडा. गॅसवर उकळणारं पातेलं.]

इथे परीक्षकाच्या चष्म्यातून बघायला हवं. बिहारचा भूकंप, दार्जिलिंगच्या दरडी. मधे सोळा वर्षं. माणसं वेगळी, मुलूख वेगळा. अफवांमधला फरक पडझडीमुळेच पडला, हे कशावरून? दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली, असं म्हणता येत नाही. आणि प्रयोग म्हणून कुणाच्या घरात पाणी सोडता येत नाही.

म्हणून पूर सोडला आणि ओढाताण तेवढी प्रयोगशाळेत नेली. १९५९ मध्ये फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना तासभर रटाळ कामाला जुंपलं. अर्धा तास एका हातानं बारा रिळं ट्रेमध्ये भरा, काढा, परत भरा. अर्धा तास पाटीवरच्या ४८ खुंट्या पाव-पाव फिरवा. मग विनंती: बाहेर बसलेल्या मुलीला सांग, काम मजेचं होतं. या थापेचा मोबदला काहींना एक डॉलर, काहींना वीस. तिसऱ्या गटाला थाप मारायलाच लावली नाही, तो ताडून पाहण्यासाठी.

शेवटी सगळ्यांना विचारलं, खरं सांगा, काम कसं वाटलं? उणे पाच (रटाळ) ते अधिक पाच (मजेचं) असे गुण द्या. थाप न मारणाऱ्यांची सरासरी उणे ०.४५. वीस डॉलरवाल्यांची उणे ०.०५. एक डॉलरवाल्यांची अधिक १.३५. वीसवाल्याकडे सबब होती, पैसे मिळाले. एकवाल्यानं स्वतःचीच समजूत घातली, तसं बरं होतं की काम!

मला यातला सगळ्यात आवडता आकडा मात्र ११ आहे. ७१ जणांपैकी इतक्यांची उत्तरं बाजूला काढावी लागली. काहींना डाव कळल्याचा संशय आला होता, दोघांनी तर त्या मुलीला सरळ खरं सांगून टाकलं.

[वही. आखलेले रकाने.]

यंदा मी वही केली आहे. तारीख, वेळ, ठिकाण, पुलाची पातळी, आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, 'म्हणं'सकट. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. नुसत्या चहाच्या गाड्यावर बसून भागणार नाही. तिथे पुरुषच जास्त, आणि मोकळा वेळ असलेले. म्हणून एक फेरी गावभागात, एक उंचावरच्या विश्रामबागेत. धीर देणारी वाक्यंही टिपायची, नाहीतर मला हवं तेवढंच कानावर पडणार.

पहिली नोंद घरचीच झाली. सकाळी सात. पातळी ३१ फूट, इशाऱ्याला नऊ कमी. फोनवर मामा: "सामान माळ्यावर टाका, आज रात्री गावभाग जातोय म्हणं."

ठिकाण: विश्रामबाग, तिसरा मजला.