पाचवीला पुजलेलं धावणं

(अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका आईने केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला विषय दिलाय ‘मुलांचं यश’. तेव्हा आधीच सांगून टाकते, आमच्या लेकीने हायस्कूलच्या चार वर्षांत एकही शर्यत जिंकलेली नाही. यशाबद्दलच ऐकायचं असेल त्यांनी खुशाल चहा घेऊन यावा, वडे अजून गरम आहेत.

ती नववीत गेली तोवर क्रॉस कंट्री हे नाव मी ऐकलंही नव्हतं. मला वाटलं, पोरांना देशभर फिरायला नेतात की काय! तर तसं नाही. गवतातून, चिखलातून, झाडीतून, चढउतारांवरून ५ किलोमीटर पळायचं. सराव ऑगस्टच्या उकाड्यात सुरू होतो आणि हंगाम नोव्हेंबरच्या थंडीत संपतो. म्हणजे गणपती, नवरात्र आणि बहुतेकदा दिवाळीसुद्धा त्यातच. शर्यती बऱ्याचदा शनिवारी सकाळी. ‘तुमची मुलगी लेझीम पथकात का दिसत नाही हो?’ असं मला इथल्या निदान सहा काकूंनी विचारलंय. त्याचं उत्तर हे.

तिने हा खेळ घेतला कारण सॉकरच्या यादीत नाव लागलं नाही. क्रॉस कंट्रीत आमच्या शाळेत कुणाला परत पाठवत नाहीत, येईल तिला घेतात. पहिल्याच दिवशी एक मैल पळताना आमच्या बाईसाहेब तीनदा चालल्या. घरी येऊन बूट काढायच्या आधी जिन्यातच बसून राहिली. मला वाटलं, आठवड्याभराचा कारभार आहे.

आता हिशेब समजून घ्या, कारण सगळी मजा त्यातच आहे. मुख्य शर्यतीत शाळेच्या ७ मुली धावतात, मोजल्या जातात पहिल्या ५. त्यांच्या क्रमांकांची बेरीज करायची, जिची बेरीज कमी ती शाळा जिंकली. एकाच शाळेच्या पाचजणी पहिल्या पाचात आल्या तर १५, त्याहून खाली जाताच येत नाही. तुमची एक मुलगी हरणासारखी पहिली आली आणि पाचवी मागे कुठेतरी रेंगाळली, की सगळं पाण्यात. पुढे १० सेकंद वाचवले तर फार तर एखाददुसरा गुण सुटतो. मधल्या घोळक्यात तेवढ्याच वेळात डझनभर मुली निघून जातात. म्हणून प्रशिक्षक बाईंचा डोळा कायम पाचवीवर. बारावीत ती पाचवी म्हणजे आमची लेक. धावणं तिच्या पाचवीला पुजलेलं, असं आजी म्हणायची ते असं खरं झालं.

होल्मडेल पार्क इथल्या पुष्कळांना माहीत असेल, सहलीला जातो आपण. न्यू जर्सीच्या राज्य पातळीवरच्या शर्यती तिथे होतात. सुरुवातच चढाने. मग अर्ध्याहून जास्त अंतर संपून पाय जड झाले की ‘बाउल’ येतो. वाडग्यासारखा खोल उतार, आणि उतरलात तेवढं लगेच वर चढायचं. तिथे आईबाप कडेला गर्दी करतात आणि मुली गेल्या की पुढची जागा गाठायला स्वतःच पळत सुटतात. आमचे हे सँडल घालून, खांद्याला तिची पिशवी, आणि ओरडणं अस्सल साताऱ्याचं, ‘चढ गं! पळ, पळ, पळ!’ ती म्हणते, एवढ्या कल्लोळात तोच एक आवाज कळतो.

शेवटच्या वर्षी तिथल्याच एका शर्यतीत शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये तिने दोघींना मागे टाकलं. त्यातली एक शेजारच्या शाळेची पाचवी. म्हणजे आमचे २ गुण कमी झाले आणि त्यांचा १ वाढला. आमचे क्रमांक ५, १२, १९, २७ आणि हिचा ३५, बेरीज ९८. त्यांची ९९. तेवढ्यावर आम्ही चौथे आलो. पदकं तिघांनाच होती! पण त्या सात मुली तंबूत एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडत होत्या, ते बघून मीही रडले. कशाला, ते विचारू नका.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, मुलींच्या आयांसाठी. अकरावीत तिचा वेग अचानक कमी झाला. मी म्हटलं अभ्यासाचा ताण, आजी म्हणाली दृष्ट. प्रशिक्षक बाईंनी दोनच प्रश्न विचारले. घरी शाकाहार आहे का? पाळी वेळेवर येते का? रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ठीक, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला. म्हणजे घरखर्च चाललाय, पण बँकेत शिल्लक नाही. त्यात रोज सकाळी आजीबरोबर चहा-पोळी, आणि चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. डॉक्टरांनी गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घ्यायला सांगितली, चहा तासाभराने. आजीला चहावरचा हा आरोप अजून मान्य नाही.

आणि तेव्हाच, याच हॉलमध्ये, तिला लोक म्हणत होते, ‘किती बारीक झालीस गं, छान दिसतेस!’ पळणाऱ्या मुलीने पोटभर खाल्लं नाही तर पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, भेगा पडतात. तेवढं एक वाक्य आपण बोलायचं सोडून देऊ या का?

मी साताऱ्यात शिकले. शाळेच्या क्रीडादिनी आम्हा मुलींना लिंबू-चमचा आणि संगीतखुर्ची. त्याच जिल्ह्यातल्या, माणसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली, तेव्हा मी इथे टीव्हीसमोर उभी होते. इकडेही सगळं आधीपासून आलबेल नव्हतं बरं का. शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा येण्यापूर्वी देशभरात हायस्कूलच्या ३ लाख मुलीही खेळत नव्हत्या. आता ३० लाखांच्या वर खेळतात. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली तीच १९८४ साली.

असो. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी संघ कुणातरी एकीच्या घरी जेवतो, बहुतेकदा पास्ता. आमच्या पाळीला पोहे केले, बिनदाण्यांचे, कारण एकीला शेंगदाण्याची ऍलर्जी होती. एवढ्या मुलींना एकदम कांदेपोहे खायला घातले आणि बघायला कुणीच आलं नव्हतं, हे पहिल्यांदाच!

कार्यकारिणीला एकच विनंती. लेझीमचा सराव शनिवार सकाळऐवजी रविवारी दुपारी ठेवा. आपल्या चार मुली या वर्षी धावतायत, चौघींनाही यायचंय. मी त्यांच्या आयांशी बोलले आहे, नावं कागदावर लिहून आणलीत. वड्यांच्या टेबलापाशी ठेवते.